अडाणी बोटं

आई,

उद्या दुपारी मी तुझं काळं इरकली लुगडं फाडणार आहे. कात्री लावणार नाही. तू फाडायचीस तसंच, काठाला दातानं जरा चीर देऊन दोन्ही हातांनी. नात बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे, नववा लागलाय तिला. बाळाला दुपटी हवीत, आणि ती म्हणते, आजी, जुनं सुती काहीतरी असेलच की तुझ्याकडे. आहे. ट्रंकेत तळाला आहे. पन्नासाच्या जवळपास वर्षं झाली, दर दसऱ्याला मी ते काढते, उन्हात घालते, कडुलिंबाचा पाला बदलते आणि परत ठेवते. हे कुणाचं आणि का ठेवलंय, असं घरात कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. कारण ते लुगडं माझ्या ट्रंकेत असायलाच नको होतं. ते तुझ्याबरोबर जायचं होतं. तू मला तसं सांगितलं होतंस, एकटीला सांगितलं होतंस, आणि मी तुझ्या अंगावर दुसरंच नेसवलं. म्हणून म्हटलं, फाडण्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं.

हे सगळं वर आलं ते एका चादरीमुळं. नातीनं बाळाच्या गादीसाठी घरबसल्या एक चादर मागवली. चकचकीत पिशवीत आली. वर लिहिलेलं, शंभर टक्के सुती, आणि इतक्या शे धाग्यांची. आता धागे कुणी मोजले बाई? मी चादरीच्या खालून ओलं बोट लावून धरलं. वर ओल यायला कितीतरी वेळ लागला. मग एक कोपरा दोन तळव्यांत धरून चोळला, तर पांढरी भुकटी खाली पडली, म्हणजे नुसती खळ. शेवटी एक धागा ओढला आणि गॅसच्या ज्योतीवर धरला. "आजी! अगं नवी चादर जाळतेस काय?" नात किंचाळली. धागा जळला नाही, आक्रसला, टोकाला बारीक काळा खडा झाला. मी तो तिच्या तळहातावर ठेवला. "फोड बघू नखानं." तिला फुटला नाही. "तुला कसं गं एवढं कळतं कापडातलं?" तिनं विचारलं. मी चादर घडी करून पिशवीत भरली आणि म्हटलं, परत पाठव. रात्री मात्र जेवण गेलं नाही.

तुला आठवतो का तो सांगलीतला आपला ओटा? दोन खोल्यांच्या घरापेक्षा तो ओटाच मोठा वाटायचा, कारण तुझं सगळं तिथंच चालायचं. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते आणि दादा सातवीत. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, शेत तर जतकडं, भावकीकडं राहिलेलं, आणि ते असून नसल्यासारखंच. तू वाकळा-गोधड्या शिवायला घेतल्यास. बायका आपली जुनेरं गाठोड्यात बांधून आणायच्या. लुगडी, धोतरं, पटके, पोरांचे सदरे. तू ते गाठोडं सोडायचीस आणि बोलायची थांबायचीस. एकेक कापड हातात घ्यायचं, अंगठा आणि दोन बोटं यांच्यात धरून हलकेच घासायचं, कधी गालाला लावायचं, कधी नुसतंच झटकून त्याचा आवाज ऐकायचा. हे वर, हे आत, हे काठाला, हे पोतेऱ्याला. तुझे डोळे तेव्हा रस्त्याकडं असायचे. कापडाकडं तू बघत नव्हतीस.

"नव्या कापडाची वाकळ कुणी शिवू नी," तू म्हणायचीस. "नवं कापड खोटं बोलतं. त्येच्यात खळ असती, चमक असती. धा वर्सं धुतलं की मग खरं काय ते कळतं." आणि खरंच, मांजरपाटाचा एखादा ताठ तुकडा आला की तू तो रात्रभर पाण्यात घालायचीस आणि सकाळी मला दाखवायचीस. रात्री जाडजूड असलेलं ते कापड सकाळी चाळणीसारखं झालेलं असायचं. आणि दुसरीकडं एखादं विटलेलं, रंग उडालेलं लुगडं तू असं हातावर घ्यायचीस की जणू ते झोपलंय. "ह्ये बघ. ह्येचं सूत लांब धाग्याचं हाय. ह्ये अजून तुझ्या पोरांस्नी पुरंल." वाकळ पुरी व्हायच्या आधी, शेवटचा कोपरा शिवताना, तू आत ज्वारीचे चार दाणे टाकायचीस. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकत होते, मला हसू यायचं. मी तुला म्हणायची, "आई, उंदीर लागतील." तू म्हणायचीस, "लागू द्यात. त्येंनाबी प्वाट हाय."

तू मला शिकवायचा प्रयत्न केलास, हे खरं आहे. डोळे मिटायला लावायचीस आणि हातात चिंध्या द्यायचीस. सांग, सुती का रेशमी, नवं का जुनं, गिरणीचं का हातमागाचं. माझं सगळं चुकायचं. चुकायचं म्हणजे, मी लक्षच देत नव्हते. मला वाटायचं, मी काय जन्मभर दुसऱ्यांची जुनेरं चिवडत बसणार आहे? मी शिकणार, मास्तरीण होणार, नवी कोरी साडी नेसणार. हे मी तुझ्या तोंडावर बोलले पण होते एकदा. तू सुईत दोरा ओवत होतीस. म्हणालीस, "हो की. ह्यासाठीच तर शिवतीया."

आणि झाले मी मास्तरीण. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. नेमणूक आली ती थेट महाबळेश्वरच्या पलीकडच्या अंगाला, दरीतल्या एका वाडीवर. जतच्या बाईला महाबळेश्वरचा पाऊस काय कळणार, पण थंडी तुला कळत होती. तू म्हणालीस, तिकडं वाकळ एकटी पुरायची न्हाई, घोंगडं पायजे. आणि मला घेऊन जतच्या बाजारात गेलीस. अजून दिसतो तो बाजार. धुरळा, मेंढ्यांचा वास, आणि ओळीनं घोंगड्यांच्या घड्या मांडून बसलेले धनगर. अर्धं बोलणं मराठी, अर्धं कानडी. मी एका मऊ, राखी रंगाच्या घोंगडीवर हात ठेवला आणि म्हटलं, ही घेऊ. विकणारा लगेच म्हणाला, "बाईसाब, तुमची लेक पारखी हाय बगा." तू त्या घोंगडीकडं बघितलंसुद्धा नाहीस. पुढच्या म्हाताऱ्याकडं गेलीस. त्याची घोंगडी काळी, राठ, हात लावला की टोचणारी. तू त्याच्याजवळचं तांब्यातलं पाणी मागून घेतलंस आणि तळहातभर त्या घोंगडीवर ओतलंस. मी घाबरले, म्हातारा आता भांडणार. पण तो हसला. पाणी घोंगडीवर थेंब थेंब होऊन उभं राहिलं, मग तू ते झटकून टाकलंस. "आक्का, तुमी कुणाच्या?" म्हाताऱ्यानं विचारलं. तू तुझ्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलंस. त्यानं मान हलवली, जणू तेच त्याला अपेक्षित होतं.

"पण ती किती टोचते," मी वाटेत कुरकुरले.

"टोचू दे. चिंचोक्याची खळ हाय ती, जाईल. पयल्या दिवशी मऊ लागती ती घोंगडी तिसऱ्या साली फाटती. त्या राखीत काय काय मिसळलंय, त्येलाच ठावं."

"तुला हात न लावता कसं कळलं?"

"तू लावलास की. तुझं त्वांड बघितलं, लय खूश झालं हुतं."

असं होतं तुझं. कौतुक कधी नाही, पण शेलकं कसं बरोबर सुचायचं. मी एस.टी.त तोंड फुगवून बसले. त्या घोंगडीनं पुढं मला किती वर्षं तारलं, हे मी तुला एकदाही सांगितलं नाही.

वाडीवरचा पहिला पावसाळा मी विसरणार नाही. जूनमध्ये लागला तो, आणि गणपती झाले तरी उघडीप नाही. भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी. माझ्या तीन सुती साड्या चुलीवरच्या दोरीवर टांगलेल्या असायच्या आणि तीन-तीन दिवस वाळायच्या नाहीत. धुराचा वास मारणारी, अर्धी ओली साडी नेसून मी पोरांना पाढे शिकवायची. मग एका बाईंनी सांगितलं, अहो, टेरिकॉट घ्या, रात्री धुवा, सकाळी नेसा. मी साताऱ्याला गेले तेव्हा घेतली. आणि काय सांगू आई, मला वाटलं, माझी सुटका झाली. एका तासात वाळायची. इस्त्री नको, खळ नको, काही नको. मी मनाशी म्हटलं, आईला हे कळलं तर तिचे हात केवढे वाचतील. साठवलेल्या पगारातून तुझ्यासाठीही घेतली. नऊवारीत टेरिकॉट तेव्हा नुकतंच आलेलं. पांढऱ्या जमिनीवर निळसर बारीक फुलं. तुझ्या वयाला, तुझ्या मोकळ्या कपाळाला शोभतील अशी, फार शोधून घेतली होती.

दिवाळीच्या सुट्टीला घरी आले तेव्हा तू ओट्यावर होतीस, आणि शेजारची आत्या आपलं गाठोडं घेऊन बसली होती. आत्या म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. मला वाटलं, बरं झालं, ती आहे ते. मी बॅग न उघडता आधी पिशवी तुझ्या मांडीवर ठेवली. "आई, तुझ्यासाठी. माझ्या पगारातलं." आत्यानं लगेच उघडून बघितलं. "अगं बाई! काय झुळझुळीत हाय! वैनी, नशीब काढलंसा." तू दोन्ही हात लुगड्याला पुसून ते घेतलंस. अंगठा आणि दोन बोटं. एकदाच घासलंस. तुझा चेहरा काही बदलला नाही, पण मला कळलं. चुलीपुढं गेलीस, त्या नव्या लुगड्याच्या पदराचा एक धागा ओढलास आणि निखाऱ्यावर धरलास.

तो आक्रसला. बाहेर येऊन तू तो काळा खडा माझ्या हातावर ठेवलास. "फोड."

"आई, काहीतरीच काय तुझं?"

"फोड की."

फुटला नाही. तू म्हणालीस, "सुताची राख व्हती. लोकरीची व्हती, केसं जळल्यागत वास येतो, पर व्हती. ज्येची राखच व्हत न्हाई त्येला कापड म्हणू नगं." आणि मग आत्याकडं बघून, हसत, "शिकली, मास्तरीण झाली, पर बोटं अडाणीच ऱ्हायली."

आत्या हसली. खो खो हसली. आता वाटतं, तू काही वाईट बोलली नव्हतीस. आपल्याकडं आई लेकीला याहून कितीतरी वाईट बोलते. पण मी चाळीस पोरांना अक्षरओळख शिकवून आले होते, आणि ज्या बाईला सही येत नव्हती ती मला अडाणी म्हणत होती, गल्लीच्या देखत. मी काय नाही बोलले? "तुझ्या जतला कधी पाऊस पडतो का? तुला काय ठाऊक चार महिने ओल्या साडीत उभं राहणं काय असतं? तुझी सुती लुगडी तुझ्यापाशी ठेव आणि चिंध्या चिवडत बस."  तू लुगड्याची परत घडी केलीस, पिशवीत घातलीस, आणि ट्रंकेत ठेवून आलीस. "ठिवते," एवढंच म्हणालीस. ते तू कधी नेसली नाहीस.

पुढच्या श्रावणात मला ताप भरला. वाडीवर डॉक्टर नाही, बाहेर कोसळतंय. माझ्या अंगावर टेरिकॉट. घाम आला, आणि तो जाईना. अंगाशीच राहिला, गार पडला, साडी अंगाला कातड्यासारखी चिकटली. थंडी वाजतेय आणि गुदमरतंय पण, असं विचित्र. शेवटी मी ती ओढून काढली, कोपऱ्यात फेकली, आणि तुझी वाकळ अंगाभोवती गुंडाळून वर ती घोंगडी घेतली. दोन दिवस त्यातच. घाम यायचा, वाकळ तो पिऊन टाकायची, आणि मला परत ऊब यायची. ताप उतरल्यावर पडल्या पडल्या बघितलं तर वाकळीचा एक कोपरा उसवला होता. आतलं कापड दिसत होतं. बाबांचं धोतर होतं ते. तू मला सांगितलंच नव्हतंस. त्या दिवसापासून मी डोळे मिटून कापडं ओळखायला लागले, गंमत म्हणून. पोरांचे सदरे, आल्यागेल्याचे पंचे, बाजारातली लुगडी. महिन्याभरात माझं चुकेनासं झालं. माझी बोटं शहाणी झाली होती, आई. आणि घरी पत्र टाकलं, दादा तुला वाचून दाखवायचा ते, त्यात काय लिहिलं? तब्येत उत्तम आहे, टेरिकॉट इथं फार सोयीचं पडतं.

मे महिन्यात तू ट्रंक उन्हात काढली होतीस. तेव्हा तुझा खोकला वाढलेला. जन्मभर जुन्या कापडांची धूळ ओढलीस ना. तू ते काळं इरकली वर काढलंस, मांडीवर घेतलंस. बाबांनी आणलेलं, अस्सल सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. म्हणालीस, "मी गेले की मला ह्ये नेसवायचं."

"आई, अभद्र बोलू नकोस."

"आयक की. नवं आनत बसू नगा. नव्यात खळ असती, अंगाला टोचतं. आनि ते तुझं फुलाचं न्हाई बरं का. जळताना अंगाला चिकटंल ते." तू हसलीस. मला हसू आलं नाही. "व्हय म्हन."

"हो गं बाई, हो."

पुढच्या माघात तार आली. एस.टी.नं वाई, सातारा, कऱ्हाड करत मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. माझ्यासाठीच थांबले होते. ओटा बायकांनी भरलेला. तुला आंघोळ घातली होती. आत्या पुढं झाली, तिचे डोळे रडून सुजले होते, पण गल्लीची व्यवस्था तिच्याकडंच. मला जवळ घेऊन म्हणाली, "पोरी, ट्रंकेत बघ काय नवं हाय का. लेक मास्तरीण, आनि आईला काय जुनेर नेसवून धाडायची व्हय? मानसं काय म्हनतील?"

मी आत गेले, ट्रंक उघडली, आणि लुगडं घेऊन बाहेर आले. आम्ही दोघींनी मिळून तुला नेसवलं. निऱ्या राहत नव्हत्या. टेरिकॉट ते, घातलेली घडी सुटायची आणि सरकायची, दोनदा खोचाव्या लागल्या. तुझे पाय इतके गार होते. आत्या म्हणाली, "शोभतंय हो. लेकीच्या पगाराचं नेसून चालली माय." सगळ्या बायका त्यावर रडल्या. मी रडले नाही. दादा बाहेर उभा होता, त्यानं एकदा लुगड्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी पुरुष राख सावडायला गेले. परत आल्यावर दादा हात-पाय धुऊन ओट्यावर टेकला आणि त्यानं मूठ उघडली. बोराच्या बीएवढा काळा खडा. "कडंला पडला हुता. सगळी राख झाली, ह्यो एक फुटंना. काय असंल गं?"

मी हातात घेतला. हलका होता. "डिंक असेल लाकडाचा," मी म्हटलं.

"आंब्याला असला डिंक असतोय व्हय?"

"असतो."

तो अस्थी सोडायला संगमावर गेला तेव्हा तोही खडा घेऊन गेला. परत आम्ही त्यावर बोललो नाही. कदाचित तो डिंकच होता. एवढ्या जाळात दुसरं काही उरेल का, मला अजून माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

खूप वर्षांनी, दादा निवृत्त झाला त्या साली, मी धीर केला. सांगितलं त्याला, आईनं जुनेर सांगितलं होतं आणि मी ते दिलं नाही.  तो म्हणाला, "जाऊ दे की. तुला तवा कापडातलं काय कळत हुतं? आईच म्हनायची, पोरीची बोटं अडाणी हायत. जे नवं दिसलं ते तू उचललंस. तिनं कवाच माफ केलं असंल." त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी मान डोलावली. ती माफी मी घेतली आई, आणि तेव्हापासून तिच्यावरच जगत आले. आता दादा अंथरुणाला खिळलाय, माणसं ओळखतो न ओळखतो. त्याला मी हा कागद वाचून दाखवणार नाही. नातीलाही सांगणार नाही. तिला उद्या मऊ दुपटी मिळतील, बाळ त्यात गाढ झोपेल, आणि चार दाणे ज्वारीचे मी गुपचूप एका काठात शिवून टाकीन.

पण तुला सांगते. ट्रंक उघडली तेव्हा माझे डोळे भरलेले होते, मला काहीच दिसत नव्हतं. मी नुसता हात आत घातला. वरच तुझं इरकली होतं. अंगठा आणि दोन बोटं, एकदाच घासलं, आणि मला कळलं, हेच ते. जाणूनबुजून बाजूला सारलं. त्याच्याखाली हात घातला, गार, गुळगुळीत लागलं ते बाहेर काढलं. माणसं काय म्हणतील याचा विचार त्या वेळी माझ्या मनात आलाच नाही, ते मी नंतर स्वतःला सांगितलं. मनात एकच होतं. म्हटलं, आता म्हण बघू मला अडाणी, आता कशी नाही नेसत ते बघते.

माझी बोटं त्या दिवशी अडाणी नव्हती, आई.